मधल्या घराची चौकशी

दसरा उलटला की ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे भाताची कापणी सुरू होते. त्याच दिवसांत काही निवडक खाचरांमध्ये सरकारी माणसं टेप घेऊन उतरतात. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा एक तुकडा आखतात. चार कोपऱ्यांना चार खुंट्या, भोवती दोरी. तेवढ्याच तुकड्यातलं भात कापायचं, झोडायचं, उफणायचं आणि वजन करून कागदावर लिहायचं. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. तुकडा कुठे आखायचा हे शेतकरी ठरवत नाही आणि साहेबही ठरवत नाहीत. चिठ्ठी काढावी तसे आकडे निघतात आणि जागा ठरते, म्हणजे कुणाला चांगला कोपरा निवडता येत नाही आणि वाईटही नाही. ही पद्धत १९४०च्या दशकात आपल्या देशात रुजली, त्यात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या दोन संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले.

अशी वजनं गावोगावहून गोळा होतात. त्यांची बेरीज होते, भागाकार होतो आणि सबंध महसूल मंडळासाठी एक आकडा तयार होतो. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत तो आकडा ‘उंबरठा उत्पन्ना’शी ताडून बघतात. गेल्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन त्यांची सरासरी काढतात आणि तिच्या ठरावीक टक्क्यांवर हा उंबरठा बसवतात. मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या खाली गेली तर भरपाई, वर राहिली तर नाही. एकेका शेतावर जाऊन मोजणं अशक्य आहे, म्हणून हा मार्ग निघाला आणि तो विचारपूर्वक निघाला. पण ओढ्याकाठच्या ज्या खाचरात पाणी साचून भात कुजलं, त्या खाचराच्या मालकाला मंडळाची सरासरी चांगली आली याचा आनंद कसा व्हावा? आकडा खरा आहे. त्याचं नुकसानही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं असं मला वाटतं.

सरासरीत एकेक घर असं का हरवतं, ते नववीच्या गणिताच्या पुस्तकातल्या ‘सांख्यिकी’ नावाच्या प्रकरणावरून कळतं. त्यात तीन शब्द भेटतात: मध्य, मध्यक आणि बहुलक. मध्य म्हणजे आपली नेहमीची सरासरी. परीक्षा झाली की बहुतेकजण हे तीन शब्द विसरून जातात, आणि ते वाईट होतं, कारण ते पुढे आयुष्यभर उपयोगी पडणारे आहेत. समजा एका पाड्यावर पाच घरं आहेत. या वर्षी खळ्यावरून कुणाकडे ८ पोती भात आलं, कुणाकडे ९, आणखी एकाकडे ९, एकाकडे १०, आणि ज्याची जमीन सगळ्यांत मोठी त्याच्याकडे ४४. सगळी मिळून ८० पोती. पाचांनी भागलं की सरासरी १६. आता त्या पाड्यावर फिरून या. सोळा पोती असलेलं घर तुम्हाला सापडणार नाही. सोळाच्या जवळपासचंही नाही. चार घरं दहाच्या आत आहेत आणि पाचवं खूप पुढे आहे. सरासरी जिथे उभी आहे तिथे कुणीच राहत नाही.

हीच पाच घरं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत मांडली तर बरोबर मधोमध जे घर येतं ते ९ पोत्यांचं. हा मध्यक. त्याच्या अलीकडे जेवढी घरं, तेवढीच पलीकडे. आणि ज्या आकड्याची घरं सगळ्यांत जास्त, तो बहुलक. तोही इथे ९ आहे. पुढच्या वर्षी मोठ्या शेतकऱ्यानं आणखी जमीन घेतली आणि त्याची ४४ची ६४ पोती झाली, तर सरासरी १६ वरून २० वर जाईल. कागदावर पाड्याची भरभराट दिसेल. मधलं घर मात्र ९ वरच असेल. उलट, मोठ्याचं पीक तेवढंच राहिलं आणि बाकीच्या चारही घरांना एकेक पोतं जास्त आलं, तर सरासरी १६ची जेमतेम १६.८ होईल. कुणाच्या नजरेत भरायची नाही. पण मधलं घर ९ वरून १० वर गेलेलं असेल, आणि चार चुलींवर तो फरक जाणवेल. मला या गणितातली हीच गोष्ट फार मोलाची वाटते. मधल्या घराकडे बघितलं की लहान माणसाची लहानशी वाढही डोळ्यांना दिसते.

म्हणून सरासरीला दोष द्यायचा असं नाही. तिचं काम वेगळं आहे. लग्नाचा किंवा भंडाऱ्याचा स्वयंपाक करणारा आचारी प्रत्येकाची भूक विचारत बसत नाही. माणशी अमुक तांदूळ धरतो आणि माणसांनी गुणतो. कुणी जास्त खातो, कुणी कमी, पण पातेलं पुरतं. जिथे एकूण किती लागेल हा प्रश्न असतो तिथे सरासरीसारखा दुसरा भरवशाचा आकडा नाही. घरचा महिन्याचा किराणा, गॅसची टाकी किती दिवस जाते, विजेचं बिल वर्षभरात किती येईल, हे सगळं सरासरीवर बेतावं. गडबड होते ती एकूण किती या प्रश्नाचं उत्तर कुणाला किती या प्रश्नाला चिकटवल्यावर.

शहापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारा हा तालुका. तानसा धरण इथलंच, १८९२ सालचं. भातसा धरण इथलंच, आणि मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत जेवढा साठा मावतो त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसात मावतो. पावसाची वार्षिक सरासरी बघून कुणी म्हणेल, इथे पाण्याची काय वाण? पण तो पाऊस जून ते सप्टेंबर एवढ्या चार महिन्यांत कोसळतो. खाली कातळ, उताराची जमीन. पाणी मुरत नाही, वाहून जातं. एप्रिल-मे उजाडला की याच तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांच्या विहिरी तळ गाठतात आणि बाया टँकरची वाट बघतात. वर्षाच्या सरासरीत मे महिना दिसत नाही. जुलैनं तो झाकलेला असतो. ज्या घरातल्या बाईला हंडा घेऊन लांब जावं लागतं तिला वर्षाचा पाऊस विचारू नका, मे महिना विचारा.

भुकेच्या बाबतीत तर या सरासरीवरून आपल्याकडे मोठा वाद झाला आहे. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. माणशी दिवसाला २२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च ज्या घराला पेलत नाही ते घर गरीब, असा हिशेब त्यांनी धरला. देशाच्या गरिबीला असा ठोस मापदंड लावणं ही फार मोठी गोष्ट होती. सुखात्म्यांनी त्यावर वेगळा प्रश्न विचारला. गरज ही सरासरी आहे, पण माणसं सरासरी नसतात. एकाची गरज दुसऱ्यापेक्षा वेगळी, आणि एकाच माणसाचीही रोज सारखी नसते. मग सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येकजण उपाशीच आहे असं कसं धरायचं? दोन्ही बाजूंना विद्वान होते, दोन्हींना गरिबांची कळकळ होती. मला त्यात घेण्यासारखं वाटतं ते एवढंच की, एक रेघ ओढून माणसांची वाटणी करताना एवढ्या मोठ्या माणसांनाही दहादा थांबून विचार करावा लागला.

तीच गोष्ट आज अंगणवाडीत रोज घडते. बाळाला काट्यावर ठेवतात आणि वाढीच्या तक्त्यावर टिंब काढतात. तो तक्ता जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली दिलेल्या मापांवर बेतलेला आहे. ती मापं भारतासह सहा देशांतल्या निरोगी, आईचं दूध मिळालेल्या मुलांवरून काढली आहेत. तक्त्यातली मधली रेघ म्हणजे आपला मध्यक. वर्षाच्या मुलाला ती ९.६ किलो दाखवते, मुलीला ८.९ किलो. आता एखाद्या आईचा वर्षाचा मुलगा ९ किलोचा भरतो. शेजारीण सांगते, तुझा मुलगा रेघेच्या खाली आहे. आई दिवसभर झुरते. तिला कुणीतरी हे सांगायला हवं की मध्यकाच्या खाली निम्मी निरोगी मुलं असतातच. तसंच तर तो ठरतो. काळजीची रेघ बरीच खाली आहे. वर्षाच्या मुलाला ती ७.७ किलोला येते, मुलीला ७ किलोला. तिथे टिंब गेलं तर हयगय करायची नाही, अंगणवाडीताईंचं ऐकायचं, दवाखाना गाठायचा. आणि मूल रेघेच्या वर असो की खाली, दर महिन्याला टिंब वर चढतंय ना, ते पाहायचं. वजन महिनोन् महिने जागच्या जागी राहिलं तर वरच्या मुलाकडेही लक्ष द्यायला हवं. शहापूर-मुरबाडच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांवर, कापणी संपली की अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलंही बरोबर जातात. तिथे हे दर महिन्याचं टिंब चुकतं. ते चुकू नये म्हणून ज्या अंगणवाडीताई आणि आशाताई भट्टीपर्यंत पोचतात, त्यांच्या कष्टांचं मोल कुठल्याच सरासरीत येत नाही.

बहुलकाची गोष्ट त्यामानानं सोपी आहे, आणि ती शाळेत न गेलेल्या दुकानदारालाही पाठ असते. पावसाळ्याच्या तोंडावर चपला भरताना तो गिऱ्हाइकांच्या पायांची सरासरी काढत नाही. सरासरी साडेसात आली म्हणून सगळा माल साडेसातचा भरला तर दुकान बसेल. कुठला नंबर जास्त खपतो ते तो बघतो आणि त्याच नंबराचे जोड जास्त आणतो. त्याचा प्रश्न असतो, बहुतेकांना काय लागतं? हा प्रश्न आपण घरातही विचारावा असा आहे, आणि आज तुमच्याजवळ मला तोच ठेवायचा आहे.

आपण माणसाचं मोजमाप कसं करतो ते पाहा. नवरा महिन्याचे बहुतेक दिवस शांत असतो, घरात हातभार लावतो, मुलांचा अभ्यास घेतो. एका संध्याकाळी कामावरचा राग घरी निघतो. मग पुढचे आठ दिवस तो एकच प्रसंग बोलला जातो. सासूबाई वर्षभर नातवंडांचं करतात, आणि पाहुण्यांसमोर तोंडून गेलेला एक शब्द मनात राहतो. एक टोकाचा आकडा सगळी सरासरी ओढून नेतो, तसंच हे. असं झालं की स्वतःला विचारावं: या माणसाचे बहुतेक दिवस कसे असतात? त्याचा नेहमीचा स्वभाव काय आहे? उत्तर चांगलं आलं तर तो एक प्रसंग सोडून द्यावा. हे उलट बाजूनंही लागू आहे. वर्षभर घराकडे न बघता दिवाळीला मोठी भेट आणली, तर भेटीचा आनंद जरूर घ्यावा, पण घराला आधार होतो तो रोजच्या साध्या वागण्याचा. बहुलक गोड असेल तर घर गोड असतं.

स्वतःकडे बघतानाही हीच नजर ठेवावी. आसनगावहून पहाटेची लोकल धरणारे, मुरबाडहून एसटीनं कल्याण गाठणारे कितीतरीजण रात्री आडवे होताना दिवसाचा हिशेब करतात आणि मन खट्टू करून घेतात. आज वेळ चुकली, आज मुलांवर ओरडलो, आज वाचायचं राहून गेलं. एक दिवस पडतो. दोन पडतात. त्यांच्यावरून वर्ष ठरवू नका. मागचा महिना डोळ्यांसमोर आणा आणि त्यातला मधला दिवस शोधा, ना सगळ्यांत चांगला, ना सगळ्यांत वाईट. त्या दिवशी तुम्ही वेळेवर उठला होतात का, कुणाशी नीट बोललात का, हातातलं काम मनापासून केलंत का? तो मधला दिवस एवढासा वर उचलता आला तर पुरे. त्यासाठी मोठे संकल्प लागत नाहीत. रात्रीच डबा-पिशवी जागेवर ठेवली, फोन दहा मिनिटं आधी बाजूला ठेवला, तरी मधला दिवस एक पायरी चढतो. हा चढ कुणाला दिसत नाही, पण तो टिकतो.

ज्या दिवशी चुकून चालणार नाही त्या दिवसाचा हिशेब मात्र निराळा करावा, हे सांगायलाच हवं. रोजच्या कामाला रोजचा वेळ धरून निघालं तर ठीक. पण मुलाची परीक्षा असेल, दवाखान्याची वेळ असेल, नोकरीची मुलाखत असेल, तर नेहमीचा दिवस धरू नये, सगळ्यांत वाईट दिवस धरावा. जुलैत रुळांवर पाणी येतं, गाड्या खोळंबतात. त्या दिवशी आधीची गाडी धरावी. कुठल्या कामाला कुठला आकडा, हे ओळखणं म्हणजेच हे गणित कळणं.

आज दिवसभरात कुणीतरी तुम्हाला एखादी सरासरी सांगेलच. वर्गाचे सरासरी गुण, कंपनीतला सरासरी पगार, गावातलं सरासरी उत्पन्न. ऐकून मान डोलवण्याआधी दोन प्रश्न प्रेमानं विचारा: मधल्याला किती? आणि बहुतेकांना किती? शाळेत विचारा, ऑफिसात विचारा. पुढच्या ग्रामसभेत गावाच्या कामांचे आकडे वाचले जातील तेव्हा उभं राहून विचारा की पाड्यावरच्या मधल्या घरात यंदा पाणी किती महिने होतं. तुम्ही विचारलंत की शेजारचाही विचारेल, आणि पुढच्या वेळी ते घर यादीत असेल.